चौदा वाफे आणि एक विहीर

तुळसा,

तुझा फोन लागत नाही. हा क्रमांक वापरात नाही असं ती रेकॉर्डमधली बाई तीन भाषांत सांगते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. म्हणून लिहिते आहे. अक्षरं लावत बसू नकोस, निशाकडून वाचून घे. तू मला एक काम सांगितलं होतंस, त्याचं मी काय केलं ते यात आहे. 'मी असं केलं, मी तसं केलं' असं लिहायला बसले तर मी स्वतःला सूट देत जाईन, एवढं स्वतःला ओळखते. तेव्हा यात माझं नावही तू हाक मारायचीस तेच ठेवते, नीलाताई. आणि हे उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला तू कोण हे कळायला हवं. म्हणून तुला माहीत असलेलंही पहिल्यापासून सांगते.

तुळसा मूळची जुन्नरकडची. लग्न करून ठाण्याला आली ती पंढरीच्या मागे. पंढरी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता आणि मुलगी निशा सातवीत होती. पंढरी सहा महिने नोकरी शोधत हिंडला. तुळसाने सहा आठवडे वाट पाहिली आणि आंबिवलीला उत्तमशेठची पंधरा गुंठे पडीक जमीन खंडाने घेतली. जमिनीत एक विहीर होती आणि विहिरीपासून तीस पावलांवर नाला.

"नाला बघूनच कोनी घेत नव्हतं," ती सांगायची. "म्हनून तर मला परवडली."

पंधरा गुंठ्यांत काय पिकणार, असं सगळ्यांनी विचारून झालं. तुळसाने त्यात चौदा वाफे पाडले. एक दिवसाआड एक वाफा पेरायचा. चौदावा पेरून होतो तोवर अठ्ठावीस दिवस झालेले असतात आणि पहिला काढणीला येतो. माठ, पालक, मेथी, चवळी, ऋतू असेल तसं. म्हणजे बाराही महिने रोज काहीतरी कोवळं हाताशी असायचं. दलाल नाही, गाळा नाही. पहाटे उपटायचं, विहिरीच्या पाण्यात धुवायचं, ओल्या गोणपाटाखाली झाकायचं आणि केळीवाल्याच्या टेम्पोतून सातच्या आत ठाकुर्लीत सोसायटीच्या गेटवर बसायचं. नऊला टोपली रिकामी. यावर निशाचं नर्सिंग झालं, पंढरीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीलाताईंच्या सोसायटीत शेअर बाजारावर व्याख्यानं देणारे तीन गृहस्थ आहेत, त्यातल्या एकालाही इतका सरळ धंदा जमलेला नाही.

नीलाताई म्हणजे रसायनशास्त्राच्या पदवीधर. वागळे इस्टेटमध्येच एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पाणी तपासण्यात गेलेली. नवरा नाही, मुलगा साकेत पुण्याला. तुळसा पहिल्या दिवशी गेटवर बसली तेव्हा पहिली जुडी नीलाताईंनी घेतली, ती काही दयेने नाही, त्यांना घाई होती. पण तुळसाने ते धरून ठेवलं. नव्या वाफ्यातली पहिली जुडी विकायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. गावी ती जुडी देवापुढे जायची. ठाकुर्लीत ती नीलाताईंकडे येऊ लागली.

"अगं, मी काय देव आहे?"

"न्हाई. देव भाव करत न्हाई, तुमी करता. पन बोहनी तुमच्या हातची, म्हनून."

अकरा वर्षं, एक दिवसाआड, केळीच्या सोपाने बांधलेली एक जुडी. नीलाताईंनी उभ्या आयुष्यात जेवढा माठ खाल्ला तेवढा कोणी खाल्ला नसेल.

भाव करण्याचा विषय निघाला म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरी चित्राबद्दल सांगते. बाई वाईट नाही, पण तिला सगळ्याचा फोटो लागतो. ती रोज म्हणायची, "मावशी, पंधराला द्या ना, आम्ही रोजचे." तुळसा टोपलीतून मान वर न करता म्हणायची, "माठाला मी सांगितलं न्हाई ना तुमचा डिसकाऊंट. तो आपला पुरा वाढून बसला." गेटवरचे सगळे हसायचे, चित्राही हसायची आणि वीस देऊन जायची.

गेल्या एप्रिलात चित्रा अंगारकीला टिटवाळ्याला गेली. येताना आंबिवलीच्या पुलावर गाडी अडकली आणि तिला खाली नाल्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली तुळसा दिसली. काहीतरी धूत होती. चित्राने फोटो काढला आणि घरी पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपली ताजी भाजी.' पुढे एक तोंड वाकडं केलेला चेहरा.

दुसऱ्या दिवशी तुळसाच्या टोपलीतल्या ऐंशी जुड्यांपैकी बावीस गेल्या. तिला कारण कळेना. ती वर आली, दारातच बसली. नीलाताईंनी फोनवरचा फोटो तिच्या नाकासमोर धरला.

"ही तूच ना?"

"मीच. फोटू बरा काढलाय, पदर तेवढा नीट न्हाई."

"तुळसा, काय धूत होतीस?"

"गोनपाट."

नीलाताईंना हसावं की डोकं धरावं कळेना. तुळसाने अगदी सरळ सांगितलं. एप्रिलात विहीर खाली जाते. उरलेलं पाणी फक्त भाजीचं, हा तिचा नियम. त्या पाण्याने ती पायही धूत नव्हती. गोणपाट कोणी खातं का? म्हणून ते नाल्यात धुवायचं, भिजवायचं आणि पिळून आणायचं. उन्हाळ्यातले दोन महिने, दर वर्षी.

"आणि मग ते भाजीवर घालायचं," नीलाताई म्हणाल्या.

एवढं साधं तुळसाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. भाजी स्वच्छ पाण्याने धुवायची म्हणून तिने पाणी वाचवलं होतं, आणि वाचवलेल्या पाण्याने धुतलेल्या भाजीवर नाल्याचा गोणपाट पसरला होता. ती बराच वेळ आपले हात बघत होती.

"आजपासून बंद," ती म्हणाली. "पन ताई, इहीर चांगली आहे माजी. आमी तेच पितो."

"तू पितेस याला पुरावा म्हणत नाहीत. कागद लागतो."

"मग तुमी आना की कागद. तुमी तर हेच करत व्हता."

इथे नीलाताई जोरात आल्या. हो म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या केदारची आता वागळे इस्टेटमध्ये स्वतःची प्रयोगशाळा होती. त्यांनी लगेच फोन लावला. केदार म्हणाला, मॅडम, तुम्हाला मी काय सांगू, बाटली उकळून घ्या, थंड ठेवा आणि चोवीस तासांच्या आत माझ्याकडे पोचवा, म्हणजे झालं. नीलाताईंनी तुळसाला दम भरला. दोन दिवसांनी तिने पाणी आणलं ते कोकम सरबताच्या बाटलीतून.

"हे पाणी तपासलं तर विहिरीत आमसुलं पिकतात असा रिपोर्ट येईल. परत जा."

पुढच्या खेपेला झाकण उकळायचं राहिलं होतं. तिसऱ्या वेळी नीलाताईंनी आपल्या घरातली काचेची बाटली स्वतः उकळून दिली, वर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'तुळसा, विहीर, सकाळी सहा.' गुरुवारी तुळसा ती बाटली बर्फाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. तान्हं मूल धरावं तशी धरली होती.

"कवा कळंल?"

"आठ दिवस."

चार दिवस लागतात. नीलाताईंना माहीत होतं. तरी तोंडातून आठच आलं, आणि त्या क्षणीच त्यांना कळायला हवं होतं की आपण जाणार नाही.

त्या दिवशी त्या तयार होऊन खाली उतरल्या होत्या, हे खरं. रिक्षा समोर उभी होती. गुडघा दुखत होता, हेही खरं, पण गुडघा रोजच दुखतो. रिक्षावाला विचारत होता, कुठे, आणि नीलाताईंच्या डोळ्यांसमोर ती तीस पावलं होती. तीस पावलांवर नाला, मधे पाणी झिरपू देणारी मुरमाड जमीन, एप्रिलात खाली गेलेली विहीर. सव्वीस वर्षं असल्या विहिरींचे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. कागद चांगला आला तर उत्तमच, चित्राच्या ग्रुपवर फेकायचा आणि तिला दोन शब्द सुनवायचे. वाईट आला तर तुळसाला काय सांगायचं? गोणपाट बदलता येतो. विहीर बदलता येत नाही. आणि अकरा वर्षं ही भाजी आपण खाल्ली, साकेतला पुण्याला पाठवली, त्याचं काय?

त्यांनी रिक्षावाल्याला नको म्हटलं आणि वर आल्या. बाटली फ्रिजमध्ये ठेवली. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी चोवीस तास होऊन गेले होते. नव्याने पाणी मागायचं तर कालचं का नेलं नाही ते सांगावं लागलं असतं.

इकडे वाफे थांबत नव्हते. तुळसाच्या धंद्याची सगळी गंमत त्या फिरत्या चक्रात होती आणि आता तीच तिच्या अंगावर आली. वाफा वेळेवर विकला नाही तर पुढचा पेरायला जागा नाही. माठ जून झाला, पालक फुलावर आला. तिने दोन वाफ्यांत म्हशीवाल्याला चरायला बोलावलं. गेटवर ती सातऐवजी सहाला येऊन बसू लागली, जणू लवकर बसलं की लोक तो फोटोही लवकर विसरतील. नवे स्वच्छ गोणपाट आणले होते, ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. चित्रा मान फिरवून जायची. पंढरी रोज विचारायचा, कागद आला का. उत्तमशेठही विचारत होता, पण वेगळं. त्याला ती जागा कंटेनर उभे करायला देता येत होती. पावसाळ्याआधी काय ते सांगा, म्हणाला होता.

"कागद आला की गिऱ्हाईक परत येतं," तुळसा त्याला सांगायची. "ताई गेल्यात घेऊन."

आठ दिवस झाले. तुळसाने विचारलं. नीलाताई म्हणाल्या, केदारकडचं मशीन बिघडलंय. मशीनचं नावसुद्धा सांगितलं. शिकलेल्या माणसाला खोटं सजवून बोलता येतं.

पहिली जुडी मात्र येत राहिली. एक दिवसाआड, दाराच्या कडीला. आणि नीलाताई ती नळाखाली धरायच्या, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, पुन्हा धुवायच्या आणि मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. चित्राने निदान तोंडावर मान फिरवली होती.

मे संपत आला होता. त्या सकाळी जुडी अडकवून तुळसा खाली गेली आणि थोड्या वेळाने पिशवी विसरली म्हणून परत वर आली. कचरेवाली अजून यायची होती. डबा दाराबाहेर होता, झाकण अर्धं उघडं. वरच लाल माठाची जुडी होती, धुतलेली, थेंब तसेच, केळीच्या सोपाची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

नीलाताईंनी दार उघडलं तेव्हा तुळसा डब्याकडे बघत होती. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. नीलाताईंना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यांना ओरडण्याला उत्तर देता येतं.

"ताई, कागद आला का?" तुळसाने विचारलं.

"येईल."

"बरं." तिने कडीवरची पिशवी घेतली, घडी घातली. "मानूस सादं न्हाई म्हनला असता तरी मी दुसरं कोनी बघितलं असतं. आमच्या निशाच्या हास्पिटलातबी तपासतात म्हनं पानी."

"तुळसा, ऐक."

"टेम्पो थांबलाय," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. टेम्पो नऊशिवाय परत निघत नसे, आणि तेव्हा सव्वासात झाले होते.

त्यानंतर गेटवर ती दिसली नाही. नीलाताईंनी पंधरा दिवस वाट बघितली. म्हणजे पंधरा दिवस घाबरून घालवले. मग रिक्षा केली आणि आंबिवलीला गेल्या. गुडघा तेव्हा आडवा आला नाही. पुलावरून खाली बघितलं तर वाफे नव्हते. पंधरा गुंठ्यांवर मुरुमाचा भराव पडला होता, रोलर फिरत होता. उत्तमशेठ खुर्ची टाकून बसला होता.

"तुळसाबाई? त्या जुन्नरला गेल्या. पंढरी म्हणाला, आता काय उपयोग. माणसं चांगली होती."

"विहीर कुठे होती?"

उत्तमशेठने बोट दाखवलं. रोलर नेमका तिथूनच जात होता.

"बुजवली. वरून कंटेनर जाणार म्हटल्यावर पोकळ ठेवून कशी चालेल?"

घरी येऊन नीलाताईंनी फ्रिज उघडला. बाटली दाराच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या मागे आहे. चिकटपट्टीची एक कड सुटली आहे, अक्षर अजून वाचता येतं. त्या विहिरीचं आता एवढंच पाणी उरलं आहे. पाणी स्वच्छ दिसतं, पण नुसतं बघून काही कळत नाही, हे त्यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. केदारने एकदा फोन करून विचारलं, मॅडम, ते सँपल आणणार होतात ना? त्या म्हणाल्या, आणते, आणि अजून गेलेल्या नाहीत. बाटलीला बांधून ठेवलेल्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता आहे. इमारतीच्या मागच्या बाजूला दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.