गलीत सांडलेल्या अस्थी

ज्या सकाळी आमच्या दारात एका माणसाला ठार मारायला लोक जमले, त्या सकाळी आई साबुदाण्याच्या पापड्या करत होती. वैशाखाचं ऊन कडक होतं. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात साबुदाणा रटरटत होता आणि मी छतावर प्लास्टिकचा कागद अंथरून, कोपऱ्यांवर विटा ठेवून खाली येत होते. मी तेव्हा नववीत होते.

आमचं घर बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गलीत. गल्लीला आम्ही गलीच म्हणायचो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमच्या कित्येक पिढ्यांची रीत. बाबा एका पाठशाळेत वेदान्त शिकवायचे. पण त्यांचं खरं शिकवणं घरी, खालच्या बैठकीत चाले. निवडक विद्यार्थी येत. त्यातला एक बलियाकडचा होता. उंच, लाजाळू, खाली मान घालून बोलणारा. मुंगी दिसली तर पाय बाजूला ठेवणारा. बाबा आईला म्हणायचे, "हा पोरगा माझ्यापुढे जाईल." घरातली सत्यनारायणाच्या प्रसादाची पहिली वाटी त्याला जाई.

त्या सकाळी पाठ कसला चालला होता ते मला पक्कं आठवतं, कारण बाबांचा आवाज वरपर्यंत येत असे. जगात इतकं दुःख आहे, एकाला सगळं आणि एकाला काहीच नाही, मग ज्यानं हे जग केलं तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? बाबा हा आक्षेप मोठ्या चवीनं मांडायचे, जणू ते स्वतःच तो घेताहेत. मग तितक्याच शांतपणे उत्तर द्यायचे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, बी जसं असेल तसं उगवतं. देव कर्म बघून फळ देतो, त्यात त्याचा दोष नाही. त्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. पाठ संपला. विद्यार्थी पाया पडून बाहेर पडला, कडी वाजली.

थोड्याच वेळात गलीच्या तोंडाशी ओरडा ऐकू आला. "बच्चा चोर! पकड़ो! बच्चा चोर है!"

त्या उन्हाळ्यात पोरं पळवणाऱ्यांची अफवा शहरभर पसरलेली होती. कुणी म्हणे ते पोरांचं रक्त काढतात, कुणी म्हणे हाडं विकतात. आमच्या ओळखीत कुणाचंच मूल गेलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असे. आयांनी मुलींना दारात उभं राहायची बंदी केली होती.

मी छज्ज्यावर धावले. स्वयंपाकघराच्या पुढे गलीवर आलेला तो अरुंद छज्जा, त्याला गुडघ्याएवढा कठडा. खाली माणसांचा लोंढा आत येत होता आणि लोंढ्याच्या पुढे एक म्हातारा धडपडत होता. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. आमच्या दाराशी तो पडला. गली तिथे किंचित रुंद होते, म्हणून सगळे त्याच्याभोवती मावले.

पहिली लाथ पोटात बसली. मग मोजण्यासारखं काही राहिलं नाही. कुणी चपलेनं मारत होतं, कुणी सायकलच्या पंपानं. पानाच्या दुकानात बसणारा, मला रोज "बिटिया" म्हणणारा गृहस्थ विटेचा तुकडा घेऊन आला आणि त्यानं तो म्हाताऱ्याच्या तोंडावर आपटला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. आणि त्या सगळ्या कल्लोळात तो म्हातारा मराठीत ओरडत होता.

"चोर न्हाई ओ! म्या चोर न्हाई! लेकरू चुकलंय, त्याची आय हुडकत हुतो!"

खालच्या एकालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. उलट ती अनोळखी भाषा ऐकून ते जास्तच चेकाळले. "बाहर का है! देखो, क्या बक रहा है!" त्या गलीत ते शब्द फक्त आमच्या घराला कळत होते.

कुणीतरी त्याच्या काखेतली पिशवी हिसकली. आतलं मडकं जमिनीवर फुटलं. मातीच्या खापऱ्यांत, राखेत, पांढरे तुकडे पसरले.

"हड्डी! हड्डी है बच्चों की!"

हे काशीत घडत होतं, आणि तेही मणिकर्णिकेपासून हाकेच्या अंतरावर. जिथे अशी मडकी घेतलेले लोक रोज पत्ता विचारत फिरतात आणि ज्यांना तो पत्ता तेच दुकानदार सांगतात. पण त्या क्षणी तिथे एकालाही आठवलं नाही की अस्थी कशा दिसतात.

बाबा दार उघडून बाहेर पडले. अंगावर नुसतं धोतर आणि उपरणं. "अरे, अस्थियाँ हैं! तीर्थयात्री है! छोड़ो!" ते म्हाताऱ्यावर आडवे झाले. लोक त्यांना ओळखत होते. त्यांच्या पाया पडणारे त्यात होते. तरी एक काठी त्यांच्या पाठीवर बसली, दुसरी कानावर. त्यांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला. मला बाबांचं पांढरं डोकं लाल होताना दिसलं. आणि त्यांच्या शेजारी, ओरडत, म्हाताऱ्याच्या बरगडीत टाच हाणत होता तो बलियाचा विद्यार्थी. त्याचा चेहरा मी आधी ओळखलाच नाही. तोंड उघडं होतं आणि लाळ गळत होती.

मी किंचाळले असेन. आई स्वयंपाकघरातून आली. तिनं खाली एकदा पाहिलं. आत गेली आणि फडक्यानं दोन्ही कडांना धरून ते पातेलं घेऊन आली.

"सरक," ती मला म्हणाली.

आणि तिनं ते कठड्यावरून ओतलं.

ज्यानं साबुदाणा शिजवला आहे त्याला माहीत असतं, तो पाण्यासारखा वाहून जात नाही. चिकटतो. खालून जो आवाज आला तसा मी पुन्हा ऐकला नाही. माणसं अंगावरचे कपडे ओरबाडत मागे पळाली. पळताना एकमेकांना तुडवलं. काही थेंब बाबांच्या पायावर पडले, म्हाताऱ्याच्या मांडीवरही. सगळ्यात जास्त त्या विद्यार्थ्याच्या मानेवर आणि खांद्यावर. तो भिंतीला धरून नाचल्यासारखा उड्या मारत होता. आई रिकामं पातेलं धरून उभी होती आणि हिंदीत ओरडत होती, "और है! चूल्हे पर और है! आओ!" चुलीवर काहीच नव्हतं.

गली रिकामी झाली.

म्हातारा जगला. पोलीस आले, त्याला इस्पितळात नेलं. चौकशी झाली तेव्हा गलीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. चुकलेली मुलगी तीन घरं पलीकडची निघाली. ती रडत होती म्हणून त्यानं तिचं बोट धरलं होतं आणि आपल्या भाषेत नाव विचारलं होतं, एवढंच. पोलीस गेल्यावर आईनं आणि मी केरसुणी न घेता, हातांनी, गलीतून अस्थी वेचल्या. काही तुकडे पानाच्या थुंकीत होते, काही शेणात, काही नालीच्या कडेला. समोरच्या बंद खिडक्यांमागून लोक बघत होते. खापरी कुठली आणि हाड कुठलं ते बघायला आई एकेक तुकडा पदरानं पुसत होती. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "कुणाच्या आहेत, तेही विचारलं नाही आपण." मग आम्ही त्या एका पितळी डब्यात ठेवल्या.

त्या त्याच्या बायकोच्या होत्या. म्हातारा बार्शीकडचा शिंपी. इस्पितळातून सोडल्यावर बाबांनी त्याला आमच्याच बैठकीत आणून ठेवलं, कारण तो तिकडे परत जाण्याच्या स्थितीत नव्हता. त्याचा डावा डोळा गेला होता. बरगड्या बांधलेल्या. खोकला आला की तो उशी दातांत धरायचा.

आमच्याशी गली बोलेनाशी झाली. "मराठिन ने आदमी जला दिए," असं बायका आईच्या मागे म्हणायच्या, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दोनदा छज्ज्यावर दगड आले. आई ते उचलून दारामागे रचून ठेवी.

एका संध्याकाळी मी म्हाताऱ्याला पेज द्यायला गेले तेव्हा बाबा त्याच्याजवळ बसले होते. म्हातारा स्वतःशी बोलावं तसं बोलत होता. "माझंच काहीतरी मागलं असंल, महाराज. मागल्या जन्मी केलं असंल कायतरी. त्याबिगर देव असं करायचा न्हाई."

वर्षानुवर्षं बाबा हेच शिकवत आले होते. मला वाटलं, ते मान हलवतील. ते ताडकन म्हणाले, "नाही! असं म्हणू नका!"

म्हातारा दचकला.

"मग काय म्हनू?" त्यानं विचारलं. "माझं मागलं न्हाई म्हनलं तर मंग हे नुसतंच झालं म्हनायचं. उगाच. ते लई अवघड हाय हो, महाराज. माझं पाप हाय म्हनलं की रातीला झोप तरी लागती."

बाबांनी पेजेची वाटी माझ्याकडून घेतली आणि त्याला स्वतः भरवली.

काही दिवसांनी तो विद्यार्थी आला. मानेला पट्टी, सदरा एका बाजूनं घातलेला. म्हातारा तेव्हा वर छतावर उन्हात बसला होता. विद्यार्थ्यानं बाबांच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, पण मान वळेना.

"क्यों मारा?" बाबांनी विचारलं.

"पता नहीं, गुरुजी. सब मार रहे थे."

"तुझे क्या हुआ था?"

तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, उसकी मरज़ी के बिना तो पत्ता भी नहीं हिलता. फिर मेरा पैर किसने उठाया?"

तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, हे मला आज कळतं. पण बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग जळलेल्या खांद्यावर. बाबांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. विद्यार्थी ओरडलाही नाही, फक्त भिंतीला टेकला आणि पट्टीतून पाणी झिरपू लागलं.

"बास!" आई जिन्यावरून खाली आली. "हात खाली करा." बाबांनी हात खाली केला आणि ते आपल्याच तळव्याकडे बघत बसले.

आई विद्यार्थ्यासमोर उभी राहिली. "जळतंय?"

एवढी मराठी त्याला येत होती. "बहुत, माताजी."

"जळू दे," ती म्हणाली. मग आत जाऊन चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल फेसून घेऊन आली. तिनं पट्टी सोडली. खालची कातडी कच्च्या मांसासारखी होती. आपण काय केलं ते तिनं तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. ती लेप लावत होती, पण तिचा हात मऊ नव्हता, आणि तो कळवळला की ती थांबत नव्हती. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. त्या पाण्याला मी आजही काही नाव देऊ शकत नाही.

म्हातारा चालू लागल्यावर बाबांनी अस्थिविसर्जनाचं ठरवलं. आम्ही सगळे पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरायला निघालो. उंच, तुटक्या पायऱ्या, एका डोळ्याच्या माणसाला अंदाज येईना. गलीच्या तोंडाशी विद्यार्थी उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो पुढे झाला, "पकड़िए" म्हणत न जळलेला खांदा त्यानं म्हाताऱ्यासमोर केला. म्हाताऱ्यानं हात ठेवला. त्याच खांद्याच्या आधारानं तो नावेपर्यंत उतरला. मधल्या धारेत त्यानं डबा उपडा केला, बायकोला नावानं हाक मारली आणि म्हणाला, "पोचवलं बघ तुला, जमंल तसं."

परत जायच्या दिवशी स्टेशनवर तो बाबांना म्हणाला, "त्यो पोरगा त्यातलाच हुता न्हवं? आवाज वळखला म्या."

बाबांनी होकार दिला. "तरी हात ठेवलात?"

"पायऱ्या लई हुत्या. माफ केलं आसं न्हाई. त्येला भी काय म्हनलो न्हाई." मग बोटांनी रिकाम्या डोळ्याची कड चाचपत तो म्हणाला, "सुईत दोरा ववायचा कसा आता, ती काळजी हाय."

गाडी सुटली. नंतर त्याची काहीच खबर आली नाही.

विद्यार्थ्यानं शिकणं सोडलं आणि तो गावी गेला. बाबा शिकवत राहिले. पण देव पक्षपाती का, या प्रश्नापाशी आले की आक्षेप पूर्वीसारखाच मांडायचे, सगळ्या ताकदीनिशी, आणि मग उत्तर विद्यार्थ्यांना पोथीतून वाचून घ्यायला सांगायचे. स्वतःच्या तोंडानं त्यांनी ते पुन्हा दिलं नाही.

त्यांनी देव सोडला असंही नाही. लोकांना तशी गोष्ट अपेक्षित असते, म्हणून सांगते. ते रोज सकाळी मंगला गौरीला जात राहिले, आजारपणातही, माझा हात धरून. फरक एवढाच, की पूर्वी ते डोळे मिटून स्तोत्र म्हणायचे, आता डोळे उघडे ठेवून मूर्तीकडे बघत भराभर काहीतरी बोलायचे. आवाज चढायचा. शेजारच्या बायका वळून बघायच्या.

एकदा पुजाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बिटिया, पंडितजी देवी से मराठी में क्या कहते हैं? कोई मंत्र है?"

"नहीं," मी म्हटलं, "झगड़ते हैं."

पुजाऱ्यानं बाबांसाठी फूल काढून ठेवलं, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मागच्या लोकांना थांबवून धरलं.