पेन्सिलीनं उचललेलं बोट

"ए गोरेगाव, ग चुकला." असं म्हणून पेटीच्या मास्तरनं पेन्सिलीच्या टोकानं माझं मधलं बोट उचललं आणि दुसऱ्या पट्टीवर ढकललं. शेणातला किडा काडीनं बाजूला सारतात, तसं.

तेव्हा मी त्याला सर म्हणत होते. आता नुसता 'तो' म्हणते. अहो-जाहो माझ्या तोंडून निघत न्हाई.

हिंगोलीत त्याचं घर. पुढच्या खोलीत तीन पेट्या. दर रविवारी आमी पाच-सहा पोरी शिकायला. मी सातवीत. गोरेगावहून जीपमध्ये अंग कोंबून यायचे, मांडीवर कुणाचं बोचकं, न्हाई तर कुणाचं लेकरू. बाकीच्या पोरींना तो नावानं हाक मारायचा. मला गावाच्या नावानं. माझं नाव त्याला माहीत होतं. आडनाव तर पक्कं माहीत होतं, म्हणूनच दाराजवळची पेटी माझी.

बाबा सायकलची पंक्चरं काढायचे आणि जयंतीला भीमगीतं गायचे. गाण्याच्या पार्टीची जुनी पेटी आमच्याच घरी असायची. बाबा ती कानानं वाजवायचे. त्यांचा एकच ध्यास. घरातलं कुणीतरी शास्त्र शिकून वाजवणारं पाहिजे. "आमी अंदाजानं वाजवलं, तू बराबर शिक," म्हणायचे. आणि खरं सांगू, मलाही पेटीचं येड होतं. भाता हलला की माझ्याच छातीत हवा भरल्यासारखं वाटायचं.

पेन्सिलीचं मला काही वाटत नव्हतं. हीच शिकवायची रीत असेल, असं समजून होते. इतकी खुळी, की घरी धाकट्या बहिणीला शिकवायला बसले तेव्हा मीही पेन्सिल घेतली. तिचं बोट चुकलं की पेन्सिलीनं उचलायचे. वर ऐट काय विचारता!

बाबांनी पाहिलं. हातातला चहा खाली ठेवला.

"हे काय करून राहिलीस?"

"सर असंच शिकवतात."

"सगळ्यांना?"

मी एकेक पोरगी आठवून पाहिली. माझ्या शेजारी एका दुकानदाराची पोरगी बसायची. तिचं चुकलं की तो तिच्या हातावर हात ठेवायचा, एकेक बोट धरून लावायचा. "असं बेटा, असं." सगळ्या पोरींना तसंच. पेन्सिल फक्त माझ्यासाठी होती. सहा महिने डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी त्याला रीत समजून घरी घेऊन आले. माझ्याच बहिणीच्या बोटांवर चालवली. त्याच्यापेक्षा मला माझाच राग जास्त आला. बाबा उठून बाहेर गेले.

पुढच्या रविवारी मी गेले. त्यानं भूप राग वाजवायला सांगितला. भूप मला झोपेतही आला असता. मी मुद्दाम गंधाराच्या, म्हणजे त्याच ग च्या जागी शेजारची काळी पट्टी दाबली. दाबून धरली.

आली पेन्सिल.

मी बोट हलवलं न्हाई. म्हटलं, "सर, हातानं लावून द्या."

"काय?"

"ही शेजारी बसलीय ना, हिचं लावता तसं. हातानं."

"तुला आत बसू दिलं हेच फार झालं," तो म्हणाला. "तुमच्या त्या जयंतीच्या गाण्यांना एवढं पुरे."

पोरी खाली माना घालून बसल्या. एक बोलली न्हाई. त्या दुकानदाराच्या पोरीला मी गावाकडची बोरं आणून द्यायचे. तीही न्हाई.

मी पेन्सिलीला हात घातला. माझी बोटं पोचायच्या आधीच त्यानं ती सोडून दिली, चटका बसावा तशी. खाली पडली. मी उचलली आणि दप्तरात टाकली. मग त्याच्या तोंडावर अख्खा भूप वाजवला. प्रत्येक गंधार बराबर. चपला घातल्या आणि निघाले. जीपमध्ये रडले. खोटं कशाला बोलू, हुंदके देऊन रडले. परत त्या दारात पाय ठेवला न्हाई.

पुढं पेटी बाबांकडूनच शिकले, कानानं. आता मी दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांचे हात धरून सुया लावते. मास्तरच्या गल्लीतलेही येतात. मुकाट हात पुढं करतात. तेव्हा कुणी म्हणत न्हाई, पेन्सिलीनं धर.

मागच्या आठवड्यात त्या दुकानदाराच्या पोरीचा फोन आला. "सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होऊन राहिलीत. सत्कार ठेवलाय. जुन्या सगळ्या जणी येऊन राहिल्या. तू पण दोन शब्द बोल ना गं. तेव्हाचं मनात नको ठेवू, म्हातारे झाले ते."

तेव्हाचं. म्हणजे तिला आठवत होतं. इतकी वर्षं आठवत होतं आणि तिनं तोंडातून एक शब्द काढला न्हाई.

"येते," म्हटलं.

जाणार आहे. माईकवर आधी माझं नाव सांगणार, आडनावासकट. मग पेन्सिल सांगणार, बोट सांगणार, पोरींच्या खाली घातलेल्या माना सांगणार. म्हातारा झाला म्हणे! माझी बहीण तेव्हा पाच वर्षांची होती, तिच्या बोटांना मी काय सांगू? ती पेन्सिल अजून माझ्याकडं आहे. त्याची त्याला परत देणार. टेबलावर ठेवणार न्हाई. हातात देणार. माझ्या हातातून तो घेईपर्यंत स्टेजवरून हलणार न्हाई.