दाढीखालचा गाल

आमच्या केळव्यात जत्रेला गावातल्याच पोरांचं नाटक व्हायचं आणि दाढ्या-मिशा चिकटवायचं काम माझ्याकडे असायचं. माझी मुलगी तेव्हा लहान होती. डिंकाची बाटली धरून शेजारी बसायची. मी तिला सांगायचो, नायकाचा गाल गुळगुळीत, फार तर पातळशी मिशी. खलनायकाला दाट दाढी आणि मिशीची टोकं वर. पडदा उघडल्याबरोबर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळलं पाहिजे, शिव्या कोणाला घालायच्या.

त्यामुळे म्हणा, की माझा स्वभावच तसा, दाढीवाला माणूस शेजारी बसला की मी आधी खिसा चाचपतो. हल्ली तर पंचाईतच आहे. मालिकेतला नायक दाढी वाढवून हिंडतो आणि गुळगुळीत गालांचा गोडबोल्या काका घर बुडवतो. मी अर्धी मालिका भलत्याच माणसावर संशय घेण्यात घालवतो.

म्हणून मुलीने पसंत केलेला सफाळ्याचा मुलगा स्वच्छ दाढी करून घरी आला, तेव्हा मला बरं वाटलं. बोईसरच्या केमिकल कंपनीत प्लँटवर होता. मीही तसल्याच प्लँटवरून निवृत्त झालेला. साखरपुड्याचं बोलणं सुरू झालं.

दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा आला तो चांगली भरगच्च दाढी घेऊन.

"प्लँटवरच ना अजून?" मी विचारलं.

"हो काका, प्लँटवरच."

माझ्या मनात पाल चुकचुकली. प्लँटवर दाढी चालत नाही. गॅसचा मास्क गालाला घट्ट बसावा लागतो, मध्ये केस आले की वायू आत शिरतो. आमच्या वेळी तर दाढीवाल्याला गेटवरूनच परत पाठवायचे. वाडीत पडलेल्या सुपाऱ्या गोळा करताना मी हे मुलीला बोलून दाखवलं.

"सुट्टीवर हाय तो," ती म्हणाली. "तुमाला सगळेच चोर दिसतात, बाबा."

मला राग आला. एकुलती एक पोर, ती काय खोटारड्याच्या हातात द्यायची?

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, गुळगुळीत होऊन. बायको खूश. "आता कसा शोभतो," म्हणाली. मी त्याला मुद्दाम ओटीवर उजेडात बसवलं. कपाळ आणि नाक उन्हाने रापलेलं, गाल आणि हनुवटी मात्र पांढरट. रोज दाढी करणाऱ्याचा चेहरा असा दोन रंगांचा नसतो.

"दाढी आज सकाळीच काढलीस ना?" मी म्हटलं. "आणि दिवसभर उन्हात असतोस. प्लँटवर नाहीस तू."

तो माझ्याकडे बघेना. मुलीकडे बघायला लागला. सापडला, असं मला वाटलं.

"मीच काढायला सांगितली," मुलगी म्हणाली. "कंपनी सुटली त्याची. मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो. तो मागल्या खेपेलाच सांगणार होता. मी नाय सांगू दिलं."

"मला खोटं बोलायचं नव्हतं, काका," तो खाली बघत म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

साखरपुडा करायचा की नाही, असं बायको विचारत होती. मी मुलीकडे बघत होतो. चेहरा शांत, नजर सरळ माझ्या डोळ्यांत. वाडीत सुपाऱ्या वेचतानाही ती अशीच बघत होती. नायकाचा चेहरा कसा करायचा, हे ती माझ्याच शेजारी बसून शिकली होती.