माकडटोपी घालून लाल उतारावर

नेदरलँड्समधल्या आमच्या हार्लेममध्ये मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगचा वरचा मजला. अशा सपाट देशात राहणारी माणसं फेब्रुवारी उजाडला की गाडीच्या टपावर शवपेटीएवढा डबा बसवतात आणि शाळेच्या सुट्टीत सहकुटुंब ऑस्ट्रियाला घसरायला जातात. आम्ही बरीच वर्षं त्यांना हसलो. मग आमची ईरा तिच्या फ्लूर नावाच्या मैत्रिणीबरोबर इथल्या बंदिस्त स्की-हॉलमध्ये स्की शिकली आणि आमच्याही टपावर डबा आला.

यंदा ईरा चौदाची झाली. जानेवारीत एकदा जेवताना तिने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मी फ्लूरच्या फॅमिलीबरोबर जाणार."

(ईराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. इथे मी तिची वाक्यं बरीचशी मराठीत लिहितेय, तिला न विचारता.)

"का गं? आम्ही काय चावतो?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं दिवसभर निळ्या उतारावर असता. मी एकटीच वर जाते, एकटीच खाली येते. बोअर होतं."

निळा उतार म्हणजे सोपा, लाल म्हणजे मधला, आणि काळा म्हणजे घरून निघताना विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगून निघावं असा. आम्ही निळ्यावरचे आहोत, हे खरंच होतं. तरी मला फार लागलं. इथली मुलं अठराची झाली की खोली शोधून बाहेर पडतात. माझ्याकडे मोजून चार सुट्ट्या उरल्या होत्या, आणि त्यातली एक फ्लूरच्या आईला द्यायची हे माझ्या जिवावर आलं.

"मी लाल उतारावर आले तर?" मी बोलून गेले. माझ्या नवऱ्याने, मंदारने, वरणाच्या वाटीतून वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

ईराने लगेच अटी घातल्या. सगळ्यात वरच्या स्टेशनपासून गावापर्यंत तिच्याबरोबर उतरायचं. केबल कारने खाली यायचं नाही. पडलं तर चालेल, पण उठायचं. उतरायचं ते स्कीवर उभं राहूनच. जमलं तर पुढच्या वर्षीही आमच्याबरोबर, नाहीतर फ्लूर. "अफस्प्राक इस अफस्प्राक," तिने हात पुढे केला. ठरलं म्हणजे ठरलं. या देशात हे वाक्य आईच्या दुधाबरोबर पाजतात. मी पुण्याची, ठरलेल्या गोष्टीतूनच खरी बोलणी सुरू होतात, अशी माझी समजूत. मी बिनधास्त हात मिळवला.

मग तीन शनिवार मी स्की-हॉलमध्ये शिकवणी घेतली. तो एक अवाढव्य फ्रीज आहे. आत दिवे, गाणी, आणि इस्त्री केल्यासारखा एकसारखा बर्फ. तिसऱ्या शनिवारी मी न पडता खाली आले आणि मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच!

जाणाऱ्यांसाठी कामाचं: हार्लेमहून ऑस्ट्रियातल्या तिरोलपर्यंत हजारेक किलोमीटर, जेवण आणि जर्मनीतली रस्त्यांची कामं धरून अख्खा दिवस. सुट्टीच्या पहिल्या शनिवारी निघालात तर निम्मा नेदरलँड्स तुमच्यापुढे आणि उरलेला मागे असतो, म्हणून आम्ही शुक्रवारी पहाटे निघालो. हिवाळी टायर हवेतच. ऑस्ट्रियाच्या हायवेचा टोल घरूनच ऑनलाइन भरा. जर्मन हायवेवरच्या स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी ठेवा, नाहीतर तिथल्या फिरत्या दांड्यापुढे उभं राहून माणसाला आपल्या आयुष्याचा फेरविचार करावा लागतो. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. पुढच्या वर्षी आम्हाला खोली मिळायला हवी.

डच लोक ऑस्ट्रियाला जाताना ब्रेड, चीज आणि शेंगदाण्याचं बटर घरून नेतात, यावरून त्यांची युरोपभर टिंगल होते. मला त्यांच्याबद्दल इतकी आपुलकी दुसऱ्या कशानेही वाटलेली नाही. आमच्या डिकीत मेतकूट, मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं आणि कुकर होता. पहिल्याच संध्याकाळी तीन शिट्ट्या झाल्यावर घरमालकीणबाई वर धावत आल्या.

"काही फुटलं का?"

"नाही, भात झाला," मंदार म्हणाला. त्या खात्री करायला आत आल्या आणि मेतकूट-भात खाऊन गेल्या.

तीन दिवसांच्या मुक्कामात पहिले दोन दिवस ऊन होतं आणि मी निळ्यावर सराव केला. लाल उतार शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला. हा शहाणपणा मला नडला, कारण आदल्या रात्री वारा सुटला. खिडक्या खडखडत होत्या आणि मंदार झोपेत म्हणाला, "सायकल आत घे."

सकाळी आभाळ निळंशार, पण वरच्या कड्यावरून बर्फाचा धूर उडत होता. मी थर्मलवर थर्मल चढवले, आणि हेल्मेटच्या आत आईने पुण्याहून पाठवलेली तपकिरी माकडटोपी घातली. ईराने माझ्याकडे बघितलं आणि माझ्यापासून दहा पावलं पुढे चालू लागली.

दिवसाचा पास साठ-सत्तर युरोंच्या घरात, बूट-स्कीचं भाडं वेगळं. मंदारने पास न काढता खालच्या हॉटेलात बसून सूप प्यायचं ठरवलं. "कोणीतरी खाली हवं ना," तो म्हणाला, जणू काही आम्ही विहिरीत उतरत होतो.

केबल कारमध्ये समोर एक डच जोडपं होतं.

"चीज कुठे ठेवलंस?"

"बुटांच्या पिशवीत."

"माझ्या की तुझ्या?"

बाई विचारात पडल्या. मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. खरं सांगायचं तर माझा एक छुपा बेत होता: वर जायचं, खाली बघायचं, चक्कर आल्याचं सांगायचं आणि याच केबल कारने परत यायचं. मग वर्षभर ईराशी वाटाघाटी करायच्या. पण आम्ही वर पाय ठेवला आणि दहाच मिनिटांत भोंग्यावर घोषणा झाली. वाऱ्यामुळे केबल कार बंद. ज्यांना स्की येते त्यांनी स्कीने उतरावं, बाकीच्यांनी वारा पडेपर्यंत स्टेशनात थांबावं.

"तू थांबू शकतेस," ईरा म्हणाली. म्हणजे फ्लूर. मी निघाले.

आता वाऱ्याने त्या बर्फाचं काय केलं होतं ते ऐका. उताराच्या मधला सगळा भुगा उडवून नेऊन खाली निळसर, कडक बर्फ उघडा पाडला होता. नेलेला भुगा कडेला आणि खोलगटात नेऊन थापला होता, आणि त्यावर एक पापुद्रा धरला होता. दिसायला एकदम मऊ. पण साय धरलेल्या दुधासारखं प्रकरण: एका जागी वजन पेलतो, पुढच्या जागी फुटून स्कीसकट पाय आत. हॉलमध्ये वारा नसतो, त्यामुळे तिथे हा धडाही नसतो. माझ्याकडे तीन शनिवारांची विद्या होती आणि ईराकडे तीन वर्षांची, पण दोघींची शाळा तोच फ्रीज.

मधल्या कडक पट्ट्यावर माझी स्की करवतीसारखा आवाज करत होती. मी स्की आडव्या करून इंच इंच खाली सरकत होते. वारा कधी मागून ढकलायचा, कधी समोरून थोबाडीत मारायचा. ईरा पुढे जाऊन वैतागून थांबायची. शेवटी ती ओरडली, "कडेला मऊ आहे, मी तिकडून जाते!" आणि झोकात वळली.

चारपाच वळणं छान झाली. मग पापुद्रा फुटला. एक स्की आत अडकली, ईरा दुसरीसकट पुढे उडाली, दोनदा उलटली आणि खाली जाऊन पडली. उठली नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यातून फ्लूर, अटी, पुढचं वर्ष सगळं गेलं. हाक मारली तर वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत कोंबली. उभं राहून तिथपर्यंत जाणं मला शक्य नव्हतं. मी बसले. सरळ बुड टेकलं, स्की आडव्या धरल्या आणि दोन्ही हातांनी रेटत, स्कीच्या कडांनी थांबवत खाली सरकले. वाटेत पापुद्र्यात रुतलेली तिची स्की उपटून मांडीवर घेतली. आजूबाजूने कोणी बघत होतं का, देव जाणे.

ईरा बसली होती. हातपाय हलत होते, पण गाल पांढरे पडले होते.

"कुठे लागलंय?"

"कुठे नाही." मग रडत, "आई, मला भीती वाटतेय. मला नाही उतरता येणार."

तीन वर्षांत ही पोरगी मला "मला येत नाही" असं एकदाही म्हणाली नव्हती. मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण आमच्यामध्ये चार स्की, दोन हेल्मेटं आणि एक तिरका डोंगर होता. मी हेल्मेट काढलं, माकडटोपी ओढून काढली आणि तिचं हेल्मेट उतरवून तिच्या डोक्यात घातली. ती नको म्हणाली नाही. टोपीची खालची कड नाकापर्यंत ओढून डोळे पुसत तिने विचारलं, "आता?"

"आता बसून जायचं."

"लोक बघतील."

"बघू देत. आपल्याला इथे कोण ओळखतंय?"

तिने स्की चढवली आणि आम्ही बसून निघालो. मी पुढे, ती मागे तिच्या आडव्या स्की माझ्या पाठीला टेकवून. एक म्हातारे आजोबा बाजूने डौलात उभे गेले, थांबले, आमच्याकडे बघून टोपीला हात लावला आणि पुढे गेले. मग ईराला हसू फुटलं, मलाही, आणि हसल्यावर बुडाला कळलं की ते गोठलंय. झाडी सुरू झाली तसा वारा पडला, बर्फ एकसारखा झाला. तिथून आम्ही उभ्या राहून गावापर्यंत आलो.

मंदार हॉटेलच्या दारात उभा होता. त्याने आधी माकडटोपीतल्या मुलीकडे बघितलं, मग टोपी नसलेल्या बायकोकडे.

"सूप गार झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. केबल कार बंद झाल्यापासून तो तिथेच उभा होता, हे वेटरने नंतर सांगितलं.

 परतीच्या वाटेवर, जर्मनीतल्या उल्मच्या पुढे ईरा म्हणाली, "आई, तू बसलीस. अट मोडली."

"हो, माहितेय," मी म्हणाले. घासाघीस करायची इच्छाच उरली नव्हती. पोरगी धड होती. फ्लूर तर फ्लूर.

घरी येऊन आठ दिवस झाले. बुडावरचा निळा डाग पिवळा झालाय. स्कीचा डबा शेजाऱ्यांना परत केला. तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच: वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कडेला मऊ दिसणाऱ्या बर्फावर विश्वास ठेवू नका, आणि माकडटोपी न्या.

काल फ्लूरच्या आईचा फोन आला. डच माणसं पुढच्या फेब्रुवारीची तारीख या फेब्रुवारीत लिहून ठेवतात. फोन ईराने घेतला. मी ओट्याशी कणीक मळत होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते.

"नाही, पुढच्या वर्षी नाही जमणार," ईरा डचमध्ये सांगत होती. "आमचं ठरलं होतं, पण आई बसून आली. मीही बसून आले. म्हणजे दोघी हरलो, तो उतार आम्हाला पुन्हा करावा लागेल." मग ती जरा थांबली, तिकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "नाही हो, बाबांबरोबर नाही पाठवता येत तिला. ते सूप पितात."