कुंकू लावलेलं पिंप

बी.कॉम. झाल्यावर मी आर्थिक नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा फुलंब्रीच्या आमच्या घरात मी नेमकं काय शिकणार आहे ते कोणालाच कळलं नाही. वडिलांनी बँकेची परीक्षा समजून गावात पेढे वाटले. चुलत्यांनी विचारलं, “म्हंजी लोकांच्या पैशाचं तू ठरवणार?” मी हो म्हटलं. “आन् लोकं ऐकतेत व्हय?” असं म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मात्र मीच दिलं, आणि मग आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मी शहरात, मुकुंदवाडीत खोली घेतली. घरमालकीण साठीच्या आसपासची, एकटी. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिच्या सासऱ्यांची मेंढरं ज्या माळावर चरायची, त्याच माळावर आता चारमजली इमारती उठल्या होत्या. उरलेल्या तुकड्यावर मावशीनं चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या आणि मधल्या अंगणात तीन शेळ्या ठेवल्या होत्या. शेळ्यांचा काही उपयोग नव्हता. पण दारात जनावर नसलं की तिला झोप लागत नसे.

सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं. शहर रोज वाढत होतं आणि पाणी रोज आटत होतं. नळ आधी चौथ्या दिवशी यायचा, मग सहाव्या, मग आठव्या. आठव्या दिवशी कधी, ते मात्र कोणीच सांगायचं नाही. पहाटे येईल, भर दुपारी येईल, नाहीतर नवव्या दिवशीही येईल. एकदा चुकला की चार खोल्या आणि तीन शेळ्या पुढचा आठवडा कोरड्या. त्यामुळे मावशी गल्ली सोडून जात नसे. एकदाच तिनं नळाचं काम एका भाडेकरूवर सोपवलं होतं. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा होता. हातात पाइप धरून तो पुस्तक वाचत बसला आणि पाणी शेळ्यांच्या गोठ्यात भरलं. त्या दिवसापासून शिकलेल्या माणसांवरचा तिचा विश्वास उडाला होता.

शेवटच्या सत्रात आम्हाला प्रोजेक्ट होता. खरा क्लायंट शोधायचा, त्याचं ध्येय विचारायचं, जोखीम मोजायची, आपत्कालीन निधी उभा करायचा, योजना अमलात आणायची आणि शेवटी क्लायंटची सही व अभिप्राय घ्यायचा. सही नसेल तर प्रोजेक्ट बाद, आणि प्रोजेक्ट बाद म्हणजे वर्ष बाद. मी नातेवाइकांकडे गेले. उत्पन्न विचारलं की प्रत्येकाला अचानक काहीतरी काम आठवायचं. चुलते तर रिकाम्या विहिरीची मोटर चालू करायला गेले.

शेवटी मी मावशीसमोर फॉर्म घेऊन बसले.

“मावशी, महिन्याला किती येतात?”

“माझ्या मालकाला मरेपर्यंत नाय सांगितलं, ते तुला सांगू व्हय?”

मी चिडून फॉर्म मिटला. मग वाटलं, एवढी बसलेच आहे तर निदान ध्येयाचा रकाना तरी भरावा. “बरं, पैशाचं राहू दे. तुम्हाला आयुष्यात करायचं काय आहे?”

ती शेळीच्या कानातलं गोचीड काढत होती. हात थांबला. “मला एक दिस वेरूळला जायाचंय,” ती म्हणाली.

वेरूळ तिथून बसनं तासाभराच्या अंतरावर. तिची थोरली बहीण तिथं देवळाजवळ बेलफुलं विकायची. दोन वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. फोनवर ही म्हणायची, “तू ये,” ती म्हणायची, “तूच ये, आमच्याकडं टँकर कवा येईल नेम नाय.” एका तासाच्या अंतरावर दोन म्हाताऱ्या आपापल्या पाण्याची वाट बघत बसल्या होत्या. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, आणि त्याहून जास्त म्हणजे मला क्लायंट मिळाला.

योजना अगदी पुस्तकातली होती. दर वेळी नळ आला की थोडं पाणी जास्तीचं बाजूला काढायचं. निळं प्लास्टिकचं दोनशे लिटरचं पिंप भरलं की एक नळ चुकला तरी काटकसरीनं घर चालेल. मग मावशी खुशाल वेरूळला जाऊ शकेल. मी आलेख काढला आणि तिला समजावून सांगितला. तिनं तो उलटा धरून “छान हाये” म्हटलं.

पुढचा नळ आला. पिंप अर्धं भरलं. मी आनंदानं कॉलेजला गेले. त्याच्या पुढच्या नळाला मी अंगणात आले, तर मावशी ते पिंप आडवं करून सगळं पाणी गटारीत सोडत होती.

“मावशी! हे काय करताय?”

“शिळं झालं की ते. ताजं आलंय ना!”

आमच्याकडे हे असंच असतं. कालपर्यंत ज्या पाण्यात कोणी चुळही भरू देत नाही, ते नळाला धार लागली की लगेच शिळं होतं. मी तिला सांगितलं की ते शिळं पाणी नव्हतं, तो आपत्कालीन निधी होता.

“नाव बदलल्यानं शिळ्याचं ताजं व्हतं का?”

मी दोन दिवस तिच्याशी भांडले. भांडून झाल्यावर तिनंच दिलेली भाकरी खाल्ली. पुढच्या नळाला पिंप भरलं, तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी खोलीतून हळद-कुंकू आणलं आणि पिंपाला पाच बोटं ओढली. वर धुतलेलं फडकं बांधलं. मावशी बाहेर आली, पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात जोडले. त्यानंतर त्या पिंपाला कोणी आडवं करायचं नाव काढलं नाही.

उलट ती रोज सकाळी त्याला नमस्कार करू लागली. आठवड्याभरानं त्यावर एक झेंडूचं फूल दिसलं. शेजारच्या दोन बाया येऊन “कोणता देव बसवला?” म्हणून विचारून गेल्या. मी प्रोजेक्टच्या वहीत लिहिलं की क्लायंटमध्ये बचतीची शिस्त रुजली आहे.

एका रविवारी मावशी वेरूळला निघाली. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, सोमवारी होता. संध्याकाळी परत येऊन ती सही करणार, असं ठरलं होतं. तिनं नवं लुगडं नेसलं, तीन वेळा नळाची तोटी तपासली, शेळ्यांना काहीतरी बजावलं आणि गेली. मी दिवसभर उत्तरं पाठ करत बसले.

संध्याकाळी फोन आला. “पोरी, आज राहते गं इथंच.”

“मावशी, सही! उद्या माझा व्हायवा आहे!”

“आल्यावर करते की. सही कुठं पळून जायलीय?” मागून दुसरी म्हातारी हसत होती. मग दोघी हसल्या, आणि फोन चालू ठेवूनच एकमेकींशी बोलायला लागल्या. मी पाच मिनिटं ऐकत होते. नळाबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. माझी योजना इतकी यशस्वी झाली होती की माझं वर्ष बुडायची वेळ आली होती. मी संतापून शेळ्यांनाच चार शब्द सुनावले.

सोमवारी सकाळी माझ्या खोलीतलं पाणी संपलं. नळ आला नव्हता. पारोशानं व्हायवाला कसं जायचं? मी बादली घेऊन पिंपासमोर उभी राहिले आणि हात घालायची माझीच हिंमत होईना. आपत्कालीन निधीची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण त्याला आता फूल वाहिलं होतं. शेवटी फडकं सोडलं, डोळे मिटून माफी मागितली आणि डोळे उघडले, तर एका शेळीचं डोकं पिंपात होतं. ती कोणाला विचारायच्या भानगडीत पडली नव्हती. मी तिला ढकललं आणि एक बादली काढली.

व्हायवा घेणारे सर आमच्या विभागातले सगळ्यात कडक. त्यांनी वही उघडली. “आपत्कालीन निधी, दोनशे लिटर. यात पैसा कुठे आहे?”

“क्लायंटनं सांगितला नाही, सर.”

“आणि सही?”

“क्लायंट बाहेरगावी आहे.”

“कुठे?”

“ध्येय गाठायला गेल्यात, सर.”

वर्गातलं कोणीतरी दाराबाहेर फिस्सकन हसलं. सरांनी वही मिटली. आठवड्यात सही आणि अभिप्राय आणा, नाहीतर प्रोजेक्ट बाद, असं म्हणून मला बाहेर काढलं. मी जिन्यात बसून रडले.

मावशी बुधवारी आली. अंगावर बहिणीचं लुगडं, पिशवीत बेलफळं. आली ती सरळ पिंपापाशी गेली आणि फडकं उचलून आत बघितलं. पाणी निम्म्यावर आलं होतं. मी मान खाली घालून सांगितलं की मी वापरलं, आणि शेळीनंही.

“मग? वापरायलाच ठिवलं व्हतं ना?” ती म्हणाली. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथंच तिच्या गळ्यात पडले. “सोड गं, बेलफळं फुटतेत,” ती ओरडली.

सही करायला तिला बराच वेळ लागला. प्रत्येक अक्षर काढून ती लांबून बघायची. अभिप्राय मात्र तिनं एका दमात सांगितला आणि मी जसाच्या तसा लिहिला: ‘चार दिस नळाची आठवन आली नाय.’

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांना दिला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, आता शुद्धलेखनावरून बोलणी बसणार. सर उठले आणि खोलीचं दार लोटून परत येऊन बसले.

“आमच्या मिसेसचं माहेर परभणीला आहे,” ते हळूच म्हणाले. “तीन वर्षं गेली नाही ती. आमच्याकडे नवव्या दिवशी येतो नळ. तोही मी कॉलेजात असताना.”

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि वहीचं कोरं पान उघडलं.

“सर, घरात पिंपं किती आहेत?”