खालचा होज पाइप

नळी दिसली की मिस्त्री ती दाबून पाहायचा. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, डोळे मिटून, क्षणभर. मग निकाल: "हा गेला." आमच्या घरच्या गॅसची नळी त्यानं चहा उकळायच्या आत दोनदा नापास केली. गल्लीतल्या डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप दाबून म्हणाला, "हा गेला जी. याच्यातून कोणाचंच ऐकू येत नसन." कस्तुरचंद पार्कवर सर्कस आली तेव्हा गर्दीतून घुसून त्यानं हत्तीची सोंड दाबली आणि माहुताला सांगितलं, "ओरिजनल आहे गा. पन्नास वर्षं काढीन." ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली, नव्वदांनी विश्वास ठेवला. उरलेल्या दहांनी मिस्त्रीला पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

महाल भागातल्या आमच्या घरासमोरच त्याचं गॅरेज. तिथली राणी म्हणजे डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स गाडी. विलायती, दोन माणसांची, वरून उघडी; एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना डॉक्टरांच्या हवाली केलेली. ती गल्लीत शिरली की दोन्हीकडची घरं पोट आत घ्यायची. वीस वर्षं मिस्त्रीनंच तिला सांभाळलं.

एका मे महिन्यात डॉक्टर कायमचे पुण्याला, मुलाकडे निघाले. "गाडी चालवतच नेणार," ते म्हणाले. "पण मिस्त्री, वाटेत इंजिन उकळलं, तर मी हट्ट करणार नाही. आम्ही दोघं बसनं जाऊ. गाडी तुमची."

"माही?"

"तुमच्याशिवाय तिला कोण सांभाळणार?"

त्या आठवड्यात मिस्त्री एका जागी सापडला तर शपथ. रेडिएटरचं पाणी इंजिनात नेणारे जुने रबरी होज पाइप वाळल्या मिरचीसारखे कडक झालेले. हात लावला की तुकडे पडायचे. विलायती पाइप कुठून मिळणार? त्यानं ट्रकचे पाइप आणून कापून बसवले. पाइपांच्या टोकांचे क्लॅम्प आवळले, ढिले केले, परत आवळले. बायको दारातून म्हणायची, "जेवून घ्या न जी. गाडी काही पळून नाही राहिली."

"पळणारच आहे वं. म्हणून तं."

शेवटी इंजिन सुरू ठेवून गाडी दुपारपर्यंत उभी केली. मग एका गाईमागून, दोन सायकलरिक्षांमागून चौकापर्यंत फिरवून आणली. तापमानाचा काटा वर चढला नाही. "पास," मिस्त्री म्हणाला.

सकाळी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई निघाले. पाच मिनिटांत हा स्कूटर घेऊन माझ्या दारात. "वाडीपर्यंत पाहून येऊ गा." वाडी आली, वाडी गेली, मिस्त्री थांबेना. बाजारगावच्या अलीकडे कडुलिंबाखाली लाल गाडी उभी. इतकी वाफ, की झाडावरची पाखरं शेजारच्या झाडावर राहायला गेली होती.

"झालं मिस्त्री," डॉक्टरांनी चावी पुढे केली. "ठरल्याप्रमाणे. बस येईलच."

मिस्त्रीनं चावी घेतली नाही. सगळे पाइप दाबले. सगळे पास. इंजिन थंड होऊ दिलं, पाणी भरलं आणि म्हणाला, "बाई, जरा रेस द्या."

जन्मात गाडी न चालवलेल्या बाईंनी चप्पल काढून पाय दाबला. इंजिन डरकाळलं, आणि खालचा पाइप आमच्या डोळ्यांदेखत आत ओढला जाऊन चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला. पाणी जाणार कुठून?

मिस्त्रीनं कपाळ धरलं. "जुन्या पाइपात तारेची स्प्रिंग होती जी. मी गंजका कचरा समजून फेकली. आपल्या गल्लीत कोणती गाडी पळते? मी हिले गाईच्या चालीनं पास केलं."

लांबून बस दिसायला लागली. चावी अजून डॉक्टरांच्या हातात, तशीच पुढे केलेली. मी मिस्त्रीच्या कानात म्हटलं, "घे ना चाबी."

आठवडाभर न थांबलेला माणूस थांबला. गाडीकडे पाहिलं. बसकडे पाहिलं. मग तरातरा स्कूटरकडे गेला, पाना काढला आणि मागची सीट, म्हणजे माझी, उचकटून तिच्याखालची स्प्रिंग काढली. बस जवळ येऊन हळू झाली. त्यानं पान्यानंच कंडक्टरला खुणावलं, "जा गा."

अर्ध्या तासात स्प्रिंग पाइपात, पाइप जागेवर. बाईंनी पुन्हा पाय दाबला. पाइप गोलच्या गोल.

"थांबत थांबत जाऊ," डॉक्टर म्हणाले.

"थांबू नका जी. पळवा. हवा लागू द्या तिले."

लाल ठिपका दिसेनासा झाल्यावर मी त्याला झापलं. "काहून गा, एवढी आयती आली होती."

"तिले पळायचं होतं," तो म्हणाला. "माह्याजवळ गल्ली आहे."

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तो दिसतो तो परतीच्या वाटेवरचा. मला सीट नाही, म्हणून मी मागे उभा, त्याचे खांदे धरून, डोक्यावर मे महिना. वाडीतल्या लोकांनी नवस फेडतो आहे समजून मला हात जोडले. आणि मिस्त्री दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे पाहायचा. "पुढं पाहा गा, मारशील," मी ओरडायचो. वळलं की त्याच्या नाकापुढे माझ्या शर्टाची बटणं यायची, मागचा रस्ता काही दिसायचा नाही. तरी तो वळायचाच.