वल्ह्यावरचं चौथं नाव

१५ डिसेंबर, शुक्रवार. ईशान्येचा वारा. धक्क्याच्या कडेने बर्फ धरला आहे. सकाळी तळघरातली, घर तापवायची भट्टी साफ करायला माणूस आला. काजळी पाहून नुसती मान हलवली. कॉड मासा घालून दुधातलं सूप केलं, उद्यालाही पुरेल. चार वाजताच दिवे लावावे लागले. मिस्टर वॉडली पट्ट्यांचा कोट घालून पोर्चवर उभे आहेत.

एवढं लिहून मी वही मिटली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलॉयशियसनी आम्हा मुलींना रोजनिशी लिहायला लावली तेव्हा क्रमही घालून दिला होता: आधी हवा, मग दिवसभराची कामं आणि माणसं, शेवटी रात्री निजण्याआधी घराचं. त्या दिवशी घराचं लिहायचं राहिलं, कारण माणसांचं अजून संपलेलं नव्हतं.

एलरी वॉडली माझे शेजारी. दोन घरांमध्ये एक बुटकं कुंपण आणि लायलकची झुडपं. माझा नवरा जिम होता तोवर दोघं मिळून फुटपाथवरचा बर्फ उपसायचे, पण एकमेकांना नावाने हाक कधी मारली नाही. आजही मी मिसेस क्विल्टी आणि ते मिस्टर वॉडली. आडनाव जुन्या इंग्रज घराण्याचं, त्यावरून लोकांना वाटतं, घरात पैसा असेल. तसं काही नाही. मेन स्ट्रीटवर त्यांचं विम्याचं छोटं ऑफिस होतं. मासेमारीच्या बोटी आणि गळकी छपरं यांचा विमा उतरवण्यात आयुष्य गेलं. घराची उत्तरेकडची भिंत रंगवायची राहिली ती राहिलीच. पण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती अशी एक गोष्ट त्यांच्याकडे होती. थॉर्नडाइक कॉलेज.

वडील तिथे शिकले, मग हे, मग मुलगा गॉर्डन. शेकोटीच्या वर भिंतीवर एक लांबलचक वल्हं आडवं टांगलेलं होतं. वडिलांच्या चमूने कुठल्याशा होड्यांच्या शर्यतीत जिंकलेलं. त्याच्या पात्यावर सोनेरी अक्षरांत तीन नावं, एकाखाली एक, आणि खाली रिकामी जागा. दर जूनमध्ये मिस्टर वॉडली किरमिजी-पांढऱ्या पट्ट्यांचा कोट घालून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जायचे आणि उन्हाने लाल होऊन परत यायचे. नात लिडिया जन्मली तेव्हा कॉलेजने तिच्यासाठी किरमिजी झबलं पाठवलं होतं. त्यावर ती पदवी घेईल ते साल विणलेलं होतं. कॉन्स्टन्स, त्यांची बायको, तेव्हा हयात होती. तिने ते झबलं मला दाखवलं आणि म्हणाली, "बघा, बाळाला अजून मान धरता येत नाही आणि हिची परीक्षा झालीसुद्धा."

आमच्या भागातून जी मुलं थॉर्नडाइकला अर्ज करतात, त्यांची मुलाखत मिस्टर वॉडली घेत. पगार नाही, मानाचं काम. आपल्या जेवणाच्या टेबलावर, चहा आणि आल्याची बिस्किटं देऊन. पहिला प्रश्न ठरलेला असायचा: तुमच्या घरी रात्री जेवताना कशाबद्दल बोलता? त्यांना वाटायचं, याच्याइतका साधा प्रश्न नाही. मुलगा घेतला गेला तर निकालाच्या संध्याकाळी ते स्वतः त्याच्या घरी चालत जात आणि कॉलेजच्या रंगांचा मफलर त्याच्या गळ्यात घालत. गाडीने नाही, चालत. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं.

गेल्या वसंतात कॉलेजच्या मासिकात एक पान आलं. आई-वडील, आजी-आजोबा इथे शिकले म्हणून यापुढे कुणाला झुकतं माप मिळणार नाही. मी लायलक छाटत होते, तेव्हा मिस्टर वॉडली कुंपणापाशी ते मासिक घेऊन आले.

"वाचलंत का हे?"

"तुम्ही दाखवलंत तर वाचेन."

मी वाचलं. शब्द स्पष्ट होते.

"मग लिडियाचं काय?" मी विचारलं.

"लिडियाचं काय?" त्यांना खरंच कळलं नाही. "अहो, हे बाहेरच्यांसाठी आहे. पेपरवाले मागे लागले की असं काहीतरी छापावं लागतं. आपण पाहुण्यांना म्हणत नाही का, घर तुमचंच समजा म्हणून? कोणी उठून आपल्या पलंगावर झोपत नाही."

"एखादा झोपला तर?"

"तुम्ही आयरिश लोक फार पुढचं बघता, मिसेस क्विल्टी," ते हसून म्हणाले आणि मासिकाची गुंडाळी करून माशी मारली.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं. गॉर्डन आणि लिडिया आले होते. लिडिया शांत मुलगी, आजोबांसारखी लांब हनुवटी, नखं कुरतडण्याची सवय. मी आत शिरले आणि नजर वर गेली. वल्ह्यावरच्या रिकाम्या जागेत चौथं नाव होतं. सोनं इतकं ताजं की आधीची तीन नावं त्याच्यापुढे पितळेची वाटत होती.

सेंट ब्रेंडनच्या दफनभूमीत जिमच्या दगडावर माझं नाव आधीच कोरलेलं आहे. नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ, पुढे कोरी जागा. आमच्यात तशी पद्धत आहे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी ते सोनेरी नाव पाहिलं आणि मी हातातली बशी टेबलावर ठेवून दिली.

"आजोबा, मी अजून अर्जसुद्धा पाठवलेला नाही," लिडिया म्हणाली.

"रंगारी फ्लोरिडाला चालला होता. परत कधी येईल कोण जाणे."

"आणि दुसरीकडे कुठे?" मी विचारलं. "पहिल्या फेरीत एकाच कॉलेजला अर्ज करता येतो, ते ठीक. पण पुढच्या फेरीसाठी दोन-चार अर्ज तयार ठेवतात ना मुलं?"

लिडियाने वडिलांकडे पाहिलं. गॉर्डनने आपल्या वडिलांकडे.

"कशाला?" मिस्टर वॉडली म्हणाले. "आपल्याच घरी जायला कुणी दुसऱ्याच्या दाराची किल्ली करून ठेवतं?"

गॉर्डन हसला. लिडियाने अंगठ्याचं नख दाताखाली धरलं. मला वाटलं, तिला काही बोलायचं होतं. मग कोणीतरी केक कापला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी इल्डा फुर्ताडोची मुलाखत घेतली. इल्डा आमच्या चर्चमधली, पोर्तुगीज कुटुंबातली. आई फिलोमेना मासळीच्या कारखान्यात, बाप समुद्रावर गेला तो आलाच नाही. नियम असा की आपल्या घरचं कोणी अर्ज करत असेल त्या वर्षी मुलाखती घ्यायच्या नाहीत. मी त्यांना तसं म्हटलंही.

"तो नियम एकाच रांगेत उभ्या असलेल्यांसाठी आहे," ते म्हणाले. "लिडिया त्या रांगेत नाहीच."

चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर इल्डाने मला पायरीवर गाठलं.

"त्यांनी विचारलं, जेवताना कशाबद्दल बोलता. मी म्हटलं, आई उभ्याउभ्या खाते आणि झोपते, बोलणार कोण? रविवारी बोलतो. कोण मेलं आणि मासळीचं वजन कुणी मारलं."

"मग?"

"मग हसले. मग मी माझा नकाशा दाखवला. भरतीचं पाणी कुठल्या वर्षी कुठवर चढलं, त्याच्या खुणा मी आठवीपासून करते. त्यांनी जुन्या विम्याच्या फायली काढल्या. माझं चुकलेलं दोन ठिकाणी दाखवलं. त्यांचं चुकलेलं मी एका ठिकाणी दाखवलं. अंधार पडला तरी सोडेनात." तिने आमच्या गल्लीच्या दिशेने हात केला. "तुमची गल्ली पण आहे त्यात, मिसेस क्विल्टी. पाणी आधी तुमच्या तळघरात, मग त्यांच्या."

त्याच आठवड्यात मिस्टर वॉडलींनी मला कुंपणापाशी सांगितलं, अगदी खुशीत: "मी लिहिलंय की इतक्या वर्षांत अशी मुलगी माझ्या टेबलाशी बसली नाही. हिला घेतलं नाही तर नुकसान कॉलेजचं आहे."

"मग तिच्यासाठी मफलर मागवलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मफलर एक मागवलाय," ते म्हणाले. "लिडियाचा."

मला तेव्हा त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि भीतीही. माणूस अगदी मनापासून न्यायाने वागला होता, कारण त्या न्यायाची झळ आपल्या घराला लागेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तर ती १५ डिसेंबरची संध्याकाळ. पहिल्या फेरीचा निकाल पाच वाजता. मिस्टर वॉडली कोट घालून, मफलरचा खोका काखेत धरून पोर्चवर उभे. गॉर्डनचं घर टेकडीवर, पायी जायला सोपं. फोन आला की निघायचं, अशी तयारी.

पाच वाजले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. भट्टी साफ झाल्यापासून वेगळाच आवाज करत होती, धाप लागल्यासारखा. माझा फोन वाजला.

"मिसेस क्विल्टी?" फिलोमेना. ती इतक्या हळू बोलत होती की मला वाटलं, कोणीतरी गेलं. "घेतली. इल्डाला घेतली. सगळा खर्च त्यांचा. मी तिला सांगितलं पुन्हा वाच. तिने तीनदा वाचलं."

मी देवाचे आभार मानले. मानतामानता खिडकीतून पाहिलं. मिस्टर वॉडली तसेच उभे होते. फोन त्यांच्या हातात होता, पण कानाशी नव्हता.

मग टेकडीवरून गॉर्डनची गाडी आली. तो उतरला. मागच्या सीटवर लिडिया होती. ती उतरली नाही, दिव्याखाली तिचा चेहरा काचेमागे दिसत होता. कुंपण बुटकं आहे आणि थंड हवेत आवाज लांब जातो. मी खिडकी उघडी केली नाही, पण मागेही सरले नाही.

"लिडियाला नाही घेतलं. आणि तुम्ही लिहिलंत त्या पोरीबद्दल," गॉर्डन म्हणाला.

"जे होतं ते लिहिलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मुलाखत घ्यायला? आपली मुलगी त्याच वर्षी असताना?"

"माझ्या एका पानाने काय होतं, गॉर्डन?"

"मग इतकी वर्षं ही पानं कशाला लिहीत होतात?"

मिस्टर वॉडलींनी खोका एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"आणि माझ्या मुलीला म्हणालात, दुसरीकडे अर्ज नको. तिला करायचे होते, बाबा. तिने चार कॉलेजं काढून ठेवली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिली." तो पायऱ्या उतरला. "नाताळला आमची वाट बघू नका."

गाडी गेली. मिस्टर वॉडलीही पायऱ्या उतरले. मग खोका काखेत घट्ट धरून, टोपी नाही, हातमोजे नाहीत, चालू लागले. टेकडीकडे नाही. खाली, धक्क्याकडे.

धक्क्याच्या आधी डावीकडे वळलं की फुर्ताडोंची गल्ली लागते. सरळ गेलं की पाणी. मी दारापर्यंत गेले, कोट अंगात घातला, पायरीवर पाय ठेवला आणि पाय सरकला. कठडा धरला म्हणून वाचले. माझ्या वयाला त्या बर्फावरून त्यांना गाठणं जमणार नव्हतं. आत येऊन मी फिलोमेनाला फोन केला.

"मिस्टर वॉडली आले का तुझ्याकडे?"

"नाही. का?"

"आले की कळव."

मी टेबलाशी बसले. सूप गरम केलं आणि तसंच ठेवलं. जिम म्हणायचा, डिसेंबरच्या पाण्यात माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. हे वाक्य डोक्यातून काढायला मी जपमाळ हातात घेतली, तर तेच वाक्य मण्यामण्यावर येऊ लागलं.

अखेर फोन वाजला.

"ते समोर उभे आहेत," फिलोमेना कुजबुजली. "बेकरीच्या भिंतीशी. केव्हाचे. तो पट्ट्यांचा कोट, डोकं उघडं. येत नाहीत, जात नाहीत, आमच्या दाराकडे नुसते बघतायत. माझी आई म्हणते, दार लावून घे. इल्डा म्हणते, मी जाते. मी तिचा हात धरून ठेवलाय."

"सोड तिचा हात," मी म्हटलं. "जाऊ दे तिला. आणि सूप असेल तर गरम कर."

"मिसेस क्विल्टी, शाळेतल्या पोरांत कळलंय, त्यांच्या नातीचं..."

"माहीत आहे. म्हणूनच."

तिने फोन चालूच ठेवला असावा. मला दार उघडल्याचा आवाज आला, वाऱ्याचा आला, मग फिलोमेनाच्या आईचं पोर्तुगीज पुटपुटणं. बाकी काही ऐकू आलं नाही.

ते परत आले तेव्हा मी पोर्चवरचा दिवा लावून ठेवला होता. माझ्या फाटकाशी ते थांबले. काखेत खोका नव्हता.

"दिला," ते म्हणाले. ओठ नीट हलत नव्हते.

"आत या. सूप आहे."

"त्यांच्याकडे प्यायलो. कोबीचं. सॉसेज घातलेलं." त्यांनी फाटकाची खिट्टी बोटाने वर-खाली केली. "मफलर गळ्यात घालताना तिने मला विचारलं, लिडियाने आणखी कुठे अर्ज केलेत? मी म्हटलं, कुठेच नाही. ती म्हणाली, नवीन वर्षापर्यंत मुदत असते, मी तिच्याबरोबर बसते, मला सगळं येतं." त्यांनी मान वर केली. "त्या मुलीला मी काय सांगू, मिसेस क्विल्टी? लिडिया माझा फोन घेत नाही."

"इल्डाचा घेईल."

"कदाचित," ते म्हणाले. "शुभ रात्री."

त्यांच्या घरात एकच दिवा लागला, शेकोटीच्या खोलीतला. पडदे त्यांनी कधीच ओढले नाहीत; कॉन्स्टन्स गेल्यावर ते काम कोणाचंच नव्हतं. मी भांडी धूत होते. वाऱ्यात मध्येमध्ये खरखर येऊ लागली. आधी वाटलं, माझी भट्टी. नळ बंद करून ऐकलं. करवत होती.

मी दिवा मालवून खिडकीशी गेले. वल्हं भिंतीवरून उतरवलेलं होतं. जेवणाच्या दोन खुर्च्यांवर ते आडवं ठेवून, कोट न काढता, एक गुडघा त्यावर दाबून मिस्टर वॉडली कापत होते. मला वाटलं होतं, चौथं नाव कापतील. ते अजून ओलं वाटावं इतकं नवं होतं. पण करवत पात्याच्या वरच्या टोकाशी चालली होती, त्यांच्या वडिलांच्या नावावर, जिथून ती नावांची रांग सुरू झाली होती. घाई नव्हती. हात थांबला की श्वास घेत आणि पुन्हा सुरू करत. शेकोटी पेटलेली होती. थोड्या वेळाने धूर माझ्याकडे वळला. नुसतं लाकूड जळताना असा वास येत नाही. हा वल्ह्यावरच्या वार्निशचा होता.

मी टेबलाशी आले आणि वही उघडली. हवेचं लिहिलेलं होतं. माणसांचं काय लिहावं सुचेना, म्हणून ती ओळ कोरी सोडली. घराचं लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ रात्रभर थेंब थेंब चालू ठेवला आहे, म्हणजे पाइप गोठणार नाही.